हिशोबाच्या वहीचे उजवे पान

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पत्र्याची जुनी ट्रंक खाली काढली. सासूबाईंची दोन लुगडी, एक फिरकीचा तांब्या आणि कुठल्याच कुलपाला न लागणारी एक किल्ली, एवढेच तिच्यातून निघेल अशी माझी कल्पना होती. ते निघालेच, पण तळाशी वर्तमानपत्रात बांधून ठेवलेल्या माझ्या हिशोबाच्या वह्याही निघाल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, लांबट, दर पाडव्याला नव्या घेतलेल्या. पहिली १९७४ सालची. त्या वर्षी सासूबाईंनी घरखर्च माझ्या हाती सोपवला होता.

रीतीप्रमाणे वहीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. पण नोकरदाराच्या घरात जमेची बाजू ती केवढी? महिन्याच्या एक तारखेची एक ओळ. तेवढ्यासाठी अख्खे पान अडवायचे कशाला, म्हणून जमा नि खर्च दोन्ही मी डाव्याच पानावर उरकीत असे. उजवे पान त्यामुळे कोरे राही. त्या कोऱ्या पानावर मी काय केले, काय करायचे राहिले आणि त्यात प्रवासाचा संबंध कसा आला, हे आज सांगावेसे वाटते. वयाची पंच्याहत्तरी उलटली आहे, तेव्हा वाचक एवढी सवलत देतील अशी आशा आहे.

आपली घरे, म्हणजे होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या मागोमाग इकडे येऊन पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी घरे, तशी प्रवासाला नवखी नव्हेत. आजोळ पुण्याकडे, आत्या नागपूरला, मावशी ग्वाल्हेरला किंवा बडोद्याला. वर्षातून एक तरी लग्नमुंज असायचीच. पण नुसते हिंडायला जाणे, चार ठिकाणे पाहण्यासाठी पैसे खर्चणे, याला माझ्या लग्नाच्या वेळी मान्यता नव्हती. देवदर्शन जोडले की मगच ती मिळे. आमच्या ओंकारेश्वर-महेश्वरच्या सहलीलाही ती याच वाटेने मिळाली.

आणि प्रवास झाला तरी तो आईचा कितपत होतो? घरातली बाकीची माणसे घर सोडून गावाला जातात. आई मात्र घर बरोबर घेऊन जाते. वळकटी, दशम्या, चिवड्याचा डबा, मेतकूट, पाण्याची सुरई, औषधांची पिशवी, धाकट्याचे जास्तीचे तीन कपडे. गाडी सुटली की सगळे खिडकीबाहेर पाहतात आणि ती पिशव्या मोजते. माझ्या पिढीच्या कोणत्याही बाईला विचारा, बालपणातल्या प्रवासाचे तिला डोंगर आठवतील आणि आईपणातल्या प्रवासाचे डबे.

ती सहल १९७९ च्या नाताळातली. हे, मी, सासूबाई (त्यांना घरात सगळे माई म्हणत), आठ वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा धाकटा. त्या काळी इंदूरहून खांडव्याला मीटर गेजची छोटी गाडी जात असे. ती वाट होळकरांच्या वेळची. दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० साली या लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने एकशे एक वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ दिले होते. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यावे, ही गोष्ट आमच्या ह्यांना फार अभिमानाची वाटे, आणि महू येईपर्यंत त्यांनी ती मुलांना दोनदा सांगितली. महूच्या पुढे पाताळपाणीचा धबधबा दिसतो, मग घाट लागतो, बोगदे येतात. बोगदा आला की धाकटा माझ्या पदरात तोंड खुपसून ओरडे आणि संपला की "पुन्हा!" म्हणे. कालाकुंडला पानाच्या द्रोणातला कलाकंद घेतला. तो माईंनी आधी देवाला दाखवला, म्हणजे खिडकीतून आकाशाकडे द्रोण उंचावला, आणि मग वाटला.

मला लिहिण्याचा नाद लग्नाआधीपासून होता. फार मोठे काही नाही; पाहिलेली माणसे, ऐकलेले बोलणे, एखाद्या घराचे वर्णन. कॉलेजच्या अंकात दोन लेख आले होते. लग्नानंतर ते मागे पडले. कुणी बंदी घातली नव्हती, हे मुद्दाम सांगते. बंदी असती तर भांडता तरी आले असते. प्रत्येक तासाला आधीपासून कुणीतरी धनी होता, इतकेच. सकाळ डब्यांची, दुपार निवडण्या-टिपण्याची, संध्याकाळ मुलांची, रात्र झोपेची. त्या प्रवासात मात्र चूल नव्हती, भांडी नव्हती. पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आले की, दिवसाला चोवीस तास असतात ते सगळे आपल्या घड्याळातही वाजतात.

ओंकारेश्वरचे दर्शन झाले, नावेतून पलीकडे जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी मोटारीने महेश्वरला पोचलो. महेश्वरबद्दल इंदुरकरांना मी नवे काय सांगणार? १७६७ मध्ये मालेराव गेले, राज्याचा भार अहिल्याबाईंवर आला आणि त्यांनी राजधानी इथे नर्मदेकाठी आणली. पती आधीच, १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडलेले. पुढे मुलगीही सती गेली. एवढे दुःख सोसलेल्या बाईने सारा कारभार जिथून पाहिला तो वाडा किती साधा! माई त्या वाड्यात कितीतरी वेळ गप्प उभ्या होत्या. माई गप्प राहिलेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या.

दुपारी घाटावर उतरलो. नदीचे पाणी हिरवट, थंड, संथ. घाटावर बायका धुणे धूत होत्या, एक म्हातारा पिंडीला पाणी घालीत होता. मला एकाएकी फार लिहावेसे वाटले. हिशोबाची वही पिशवीत होतीच. मी ह्यांना म्हटले, "एक तासभर मुलांना बघाल का? मी वर छत्रीपाशी बसते."

"बस की," हे म्हणाले.

माईंनी विचारले, "काय करायचंय तिथे?"

"काही नाही," मी म्हटले. "जरा बसते."

वाचकहो, या "काही नाही" कडे लक्ष असू द्या. पुढचा सगळा घोळ त्या दोन शब्दांत आहे.

मी वर जाऊन बसले. दोन पाने लिहून झाली असतील नसतील, तो थोरली धापा टाकीत आली. धाकटा दिसत नव्हता. ह्यांचे म्हणणे, तो माईंजवळ होता. माईंचे म्हणणे, तो ह्यांच्याबरोबर गेला. समोर नर्मदा. त्या वीस मिनिटांत मी काय काय पाहिले, ते लिहिण्याचे सामर्थ्य आजही माझ्यात नाही. घाटाच्या प्रत्येक पायरीवर त्याचे चप्पल शोधले. शेवटी घाटामागच्या एका आळीत, उघड्या दारातून हातमागाचा खटखटाट येत होता त्या घरात, तो सापडला.

मागावर एक विणकरीण बसली होती. वयाने माझ्याएवढीच असेल. महेश्वरी लुगड्याचा काठ विणीत होती. तो दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, त्यामुळे लुगडे उलटसुलट कसेही नेसता येते. बाजूला झोळीत तिचे तान्हे. झोळीची दोरी एरवी तिच्या पायाला बांधलेली असे, ती आता आमच्या चिरंजिवांच्या हातात होती आणि ते गंभीर चेहऱ्याने झोका देत होते. धोट्याच्या आवाजाने आत आला म्हणे, आणि मग हललाच नाही. ती हसून म्हणाली, याच्यामुळे माझा पाय मोकळा झाला, आज चार बोटे जास्त विणले. आम्ही दोघीही हसलो. मी हसता हसता रडले.

घाटावर परतल्यावर माई एवढेच बोलल्या : "आईनं डोळ्याआड बसू नये." ह्यांना कुणी काही म्हटले नाही, मीही म्हटले नाही. मुलाला मी कुणाच्या ताब्यात देऊन गेले होते, हा प्रश्न त्या दिवशी कुणालाच सुचला नाही. वही पिशवीच्या तळाशी गेली आणि तशीच घरी आली.

ट्रंकेतून निघालेल्या वह्यांत १९८०, ८१ आणि ८२ या सालांची उजवी पाने कोरी आहेत. अगदी कोरी. एका पानावर तेवढी धाकट्याने रंगीत खडूने आगगाडी काढली आहे.

त्या तीन वर्षांत मी लिहिले नाही, पण वाचले पुष्कळ. वाचनाला कुणी हटकत नसे; पोळ्यांची कणीक मुरेपर्यंतही ते होते. इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती' हा लेख तेव्हाच पुन्हा वाचला. १९४९ साली त्याच नावाच्या संग्रहात तो आला. एवढी मोठी विदुषी, देशभर हिंडून माणसांचा अभ्यास करणारी, तीन मुलांची आई. सभेत तिची ओळख अमक्याची मुलगी, तमक्याची सून, अशी करून देतात आणि तिला काही तरी राहिल्यासारखे वाटते. मग रस्त्यात शाळकरी पोरे तिच्याकडे बोट दाखवून ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई असे म्हणतात, तेव्हा कुठे ती ओळख पुरी होते. लेख गंमतीचा आहे, आणि त्या गंमतीखाली बरेच काही आहे. मला त्यातून एक गोष्ट कळली. ज्या बाईच्या कामाला नाव आहे, तिलाच "आई" या नावाने असे निर्मळ हसता येते. माझ्याकडे ते एकच नाव होते.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी निघाली. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, म्हणजे पहिल्या भागाच्या वेळी वय सहासष्ट. टिळकांच्या लहरीबरोबर सारा जन्म गावे बदलण्यात, बिऱ्हाडे मांडण्यात नि मोडण्यात गेला, आणि त्या मोडण्या-मांडण्यातूनच ते पुस्तक झाले. बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती. जात्यावर आणि शेतात सुचले ते त्या बोलत गेल्या, मुलाने, सोपानदेवांनी, ते टिपून ठेवले. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या पुढाकाराने गाणी छापली गेली. या थोर बायांशी मी माझी तुलना करीत नाही. मला एवढेच दिसले की, यांतल्या कुणालाही मोकळा वेळ मिळाला नव्हता. आपल्याला तो मिळेल नि मग आपण लिहू, ही माझी समजूत भाबडी होती.

आणि मग ती विणकरीण आठवली. तिचेही मूल होते. तीही डोळे धाग्यावर लावून बसली होती, आणि झोळीकडे पाठ होती. पण तिला कुणी म्हणाले नसते की, आईने असे बसू नये. कारण ती काय करते आहे हे साऱ्या आळीला ठाऊक होते. तिचे ते काम होते. त्यावर घर चालत होते, हे खरेच; माझ्या लिहिण्यावर कुणाचे घर चालणार नव्हते. तरीही मला वाटते, फरक केवळ पैशाचा नव्हता. तिच्या कामाला नाव होते आणि माझ्या तासाला नव्हते. "काय करायचंय तिथे?" या सरळ प्रश्नाला मी "काही नाही" असे उत्तर दिले. ज्या गोष्टीला मीच काही नाही म्हटले, तिची राखण दुसऱ्यांनी कशी करायची?

१९८३ च्या श्रावणात आम्ही मांडवगडला गेलो. माळव्यातला पाऊस पाहावा तर मांडवगडी. जहाज महालाच्या दोन्ही बाजूंचे तलाव भरलेले, ढग अंगावरून जाणारे, आणि मध्येच त्या पोटफुग्या बुंध्याच्या खुरासानी चिंचा. आदल्या रात्री पिशव्या भरताना मी सर्वांसमक्ष सांगितले, "उद्या दुपारी मला एक तास लिहायला हवा आहे. त्या तासात मुलांना सांभाळायचं काम तुमचं," आणि ह्यांच्याकडे पाहिले. छातीत धडधडत होते. एवढ्या साध्या वाक्याला तेरा वर्षे लागली होती.

हे काही बोलण्याआधी माईच म्हणाल्या, "घे बाई एकदाचा तास. नाही तर घरी जाऊन महिनाभर भांडी आपटशील. पोरांचा हात मी धरते, याच्या भरवशावर नको." महेश्वरला त्यांनी कोणाला दोष दिला होता आणि मनात कोणाला धरले होते, ते मला त्या दिवशी कळले. सासवांना आपण ओळखतो त्याहून त्या आपल्याला जास्त ओळखतात, असा माझा अनुभव आहे.

सागर तलावाच्या काठी मी वही घेऊन बसले. सगळी मंडळी जरा पुढे गेली. तिथे जवळच प्रतिध्वनीची जागा आहे. रस्त्यावरून हाक मारली की दाईच्या महालाकडून ती जशीच्या तशी परत येते. माझ्या मुलांना त्या जागेवर ओरडायला दुसरा कोणता शब्द सुचणार? "आ-ई!" थोरली ओरडली. "आ-ई!" महाल म्हणाला. मग धाकटा. मग पुन्हा महाल. एक तास सारे मांडवगड मला हाका मारीत होते. पहिल्या हाकेला मी उठलेच होते. मग माईंचा आवाज आला, "कुठं जात नाही ती, लिहितेय. ओरडा हवं तेवढं!" तेही महालाने जसेच्या तसे परत केले. मी खाली बसले. त्या दिवशीची साडेतीन पाने वहीत आहेत. त्यांत मांडवगडाचे वर्णन थोडे नि हसणेच जास्त आहे.

"आईचा तास" हे नाव मुलांनी परतीच्या मोटारीत ठेवले. घरी आल्यावर मी ते सोडले नाही. माझ्या मते प्रवासाचा खरा उपयोग इथे होतो. घरातली घडी वर्षानुवर्षांची, तिच्यात काडी सरकवायला जागा नसते. प्रवासात ती घडी आपोआप मोडते, आणि मोडलेली असतानाच तिच्यात आपला एक तास घालून घ्यावा. मग घरी येऊन पुन्हा घडी बसते ती त्या तासासकट. दुपारी चार ते पाच. चहा ज्याचा त्याने करून घ्यायचा. पहिले तीन महिने कुणीही नियम पाळला नाही. साखरेचा डबा कुठे आहे हे विचारायला लोक दारात येत. चौथ्या महिन्यापासून सापडू लागला.

त्या तासाने मी लेखिका झाले असे नाही. स्थानिक अंकांतून पंधरावीस लेख आले, एवढेच माझे कर्तृत्व. पण २००१ साली मराठी साहित्य संमेलन आपल्या इंदुरात भरले आणि अध्यक्षपदी विजया राजाध्यक्ष होत्या, तेव्हा मांडवात बसताना मी परकी नव्हते. शेजारच्या बाईंना मी आठवण करून दिली की, संमेलनाच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष कुसुमावती देशपांडे. तेही १९६१ साली ग्वाल्हेरास. पहिली ग्वाल्हेरला, चौथी इंदुरात. संस्थानी गावांनी बायकांना व्यासपीठावर बसवले, हे आपण मुलींना सांगत राहावे.

इथवर सगळे ठीक चालले होते, आणि हा लेख इथेच संपला असता तर मला बरे वाटले असते. पण गेल्या दिवाळीला पुण्याहून थोरली आली होती. आता तीही पन्नाशी ओलांडलेली. त्या वह्या घेऊन ती दुपारभर ओसरीत बसली. मला वाटले, कौतुक करील. ती म्हणाली, "आई, चांगलं लिहिलंयस. पण या उजव्या पानांत आम्ही कुठे आहोत गं? नदी आहे, महाल आहे, विणकरीण आहे. आम्ही सगळे डाव्या पानावर. खर्चात."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखे होते काय? ती खोटे सांगत नव्हती. मांडवगडची पाने सोडली तर मुले उजव्या पानावर फारशी नाहीत. तो तास मी त्यांच्यापासूनच मागून घेतला होता. मग त्यांना त्यात बोलवायचे कसे? ती रागावलीही नव्हती. तेच जास्त लागले.

रात्री चष्मा लावून मी १९७९ ची वही पुन्हा उघडली. या खेपेला डावे पान वाचले. "कलाकंद २ द्रोण, १ रुपया. नाव, ३ रुपये. चहा ४, १ रुपया. थोरलीच्या चपलेचा अंगठा, २५ पैसे. भिंगरी, ५० पैसे, रडणे थांबावे म्हणून. विणकरणीच्या बाळाच्या हातावर, २ रुपये." त्याखाली, खोडून पुन्हा लिहिलेले : "धाकट्याला नवीन भिंगरी, ५० पैसे. पहिली झोळीत ठेवून आला." ही गोष्ट मी साफ विसरले होते. चार वर्षांच्या मुलाने आपली भिंगरी त्या तान्ह्याला दिली, हे उजव्या पानावर कुठेच नाही. मी घाटावर बसून नर्मदेचा हिरवा रंग टिपला आणि ही भिंगरी पन्नास पैशांच्या ओळीत टाकून दिली.

सकाळी थोरलीला ते दाखवले. तिने वाचले, पुन्हा वाचले आणि म्हणाली, "हे लिही ना." म्हणून हा लेख.

आता आईचा तास नकोच होता, असे मात्र कुणी यातून काढू नये. तो तास नसता तर डावे पान वाचायला लागणारी नजरही मला आली नसती. तरुण आयांना माझे सांगणे एवढेच. तो तास मागा. काम म्हणून मागा, सर्वांसमक्ष मागा, आणि काय करायचे आहे असे कुणी विचारले तर "काही नाही" म्हणू नका. घरी मागवत नसेल तर प्रवासात मागा. आणि मिळाला की नदी-महालांबरोबर भिंगरीही लिहा. ती पुन्हा कधी दिसेल, सांगता येत नाही.

खांडव्याची ती छोटी गाडी आता राहिलेली नाही. २०१८ पासून हौशी प्रवाशांसाठी पाताळपाणी ते कालाकुंड एवढा घाटाचा तुकडा चालवू लागले. येत्या नाताळात आम्ही सगळे पुन्हा महेश्वरला मोटारीने जाणार आहोत. थोरली लहानपणी गाणे शिकत होती. वीस वर्षांत तंबोऱ्याची गवसणी तिने काढलेली नाही. परवा फोनवर ती अडखळत म्हणाली, "आई, तिथे घाटावर सकाळी एक तास मला रियाज करायचाय. घरचे सगळे उठतील, चहा-नाश्ता..."

मी म्हटले, "मी बघते."

चिवडा मात्र मी करणार नाही, तेवढे आधीच कळवून ठेवले आहे.